पाठ पोचला पाहिजे

प्रस्तावना

दौंड तालुक्यातलं केडगाव पंडिता रमाबाईंमुळे दूरदूरच्या लोकांना ठाऊक झालं. १८९८ साली त्यांनी आपलं काम इथे आणलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी इथेच देह ठेवला. त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट मात्र फार कमी वेळा सांगितली जाते. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर होण्याच्या इराद्यानं. आपल्याकडच्या बायकांना स्त्री डॉक्टर मिळाल्या पाहिजेत, हे त्यांनी आदल्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे ठासून सांगितलं होतं. पण त्यांना ऐकू येणं कमी होत चाललं होतं. वैद्यकीचा बेत सोडून द्यावा लागला. मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवलं आणि स्वतः गणित व विज्ञान शिकून घेतलं. पुढे याच केडगावात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांशी झटत बायबल मराठीत आणलं. बुद्धीत काही कमी नव्हतं, जिद्दीत तर नव्हतंच. तरीही काय शिकायचं आणि काय नाही, हे कानानं ठरवलं.

त्याला एकशे चाळीस वर्षं उलटून गेली. आज शिरूर किंवा दौंड तालुक्यातली एखादी बधिर मुलगी बारावी होते, तेव्हा तिच्या घरात हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत उभा राहतो: हिला पुढे जमेल का? त्या प्रश्नात सगळा भार मुलीवर टाकलेला असतो. मला वाटतं, प्रश्न महाविद्यालयाला विचारायला हवा. वर्गात शिकवलेलं तिच्यापर्यंत पोचवायला तुम्हाला जमेल का? प्रवेश देणं आणि शिकवणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे पहिली झाली की दुसरी झाली असं धरून चालतात. ही प्रस्तावना आणि तिच्यामागून येणारी पानं या एका मुद्द्यासाठी लिहिली आहेत.

शिरूर पुण्यापासून सत्तरेक किलोमीटरवर, नगर रस्त्यावर, घोडनदीच्या काठी. दौंड साधारण तितक्याच अंतरावर, पण भीमेकाठचं रेल्वे जंक्शन. न्हावरा–चौफुला रस्त्यानं हे दोन तालुके एकमेकांना जोडले आहेत. एकीकडे रांजणगावची एमआयडीसी, दुसरीकडे कुरकुंभची. मध्ये ऊस, गुऱ्हाळं आणि वाड्यावस्त्या. शिरूरचं सी. टी. बोरा महाविद्यालय आणि दौंडचं के. जी. कटारिया महाविद्यालय ही इथल्या मुलांची पदवीपर्यंत जाण्याची जवळची दारं. दोन्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली. पुढे मी वर्गातल्या ज्या अडचणी लिहिणार आहे त्या अमुक एका महाविद्यालयाच्या नाहीत. महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्याच्या गावी त्या थोड्याफार फरकानं सापडतील.

बधिर मूल महाविद्यालयात येतं ते बहुधा दोन वाटांनी. एक वाट गावच्या शाळेतली: इतर मुलांबरोबर पहिल्या बाकावर बसून, फळ्यावरचं उतरवून घेत, वरच्या वर्गात ढकललं जात. दुसरी वाट विशेष शाळेची. पुण्यात टिळक रस्त्यावरच्या रुईया मूकबधिर विद्यालयासारख्या जुन्या शाळा आहेत. तालुक्यातून तिथे जायचं म्हणजे लहान वयात घर सोडायचं. दोन्ही वाटांवरची मुलं दहावी-बारावीला पोचतात, आणि तिथे एक खिंड लागते. विशेष शाळा येतात दिव्यांग कल्याण विभागाकडे, ज्याला महाराष्ट्रानं डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र विभागाचं रूप दिलं. महाविद्यालयं येतात उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे. शाळेतल्या बाईंना त्या मुलाचा श्रवणालेख माहीत असतो, त्याला कोणती खूण चटकन कळते, कोणत्या शब्दाशी तो अडतो हेही माहीत असतं. त्यातलं काहीच दाखल्याबरोबर पुढे जात नाही. महाविद्यालयाच्या कार्यालयात पोचतो तो फक्त टक्क्यांचा आकडा, दिव्यांगांच्या युडीआयडी ओळखपत्रावरचा.

त्या आकड्यामागे काय असतं, ते समजून घेऊ. नेहमीचं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त ऱ्हास असलेली व्यक्ती बधिर मानली जाते. म्हणजे समोरचा माणूस नेहमीच्या आवाजात बोलला तर त्याचा आवाज तिच्यापर्यंत जातच नाही. पण शिक्षणाच्या दृष्टीनं याहून मोठी गोष्ट कुठल्याच प्रमाणपत्रावर नसते. ऐकू येणं कधी गेलं, बोली अवगत होण्याआधी की नंतर, ही ती गोष्ट. रमाबाईंचं ऐकणं कमी झालं तेव्हा संस्कृत, मराठी, कानडी त्यांच्या आत मुरलेल्या होत्या. चित्रकार सतीश गुजराल आठव्या वर्षी बधिर झाले. पुढे १९४४ ते १९४७ या काळात ते मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले. त्यांच्याजवळही भाषा होती. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाचं तसं नाही. त्याची भाषा डोळ्यांतून आत यावी लागते, आणि ती तशी येऊ दिली नाही तर भाषाच उशिरा येते. मग विचार मांडायला, दुसऱ्याचा विचार धरायला लागणारी जी चौकट असते ती शाळेच्या वयात हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी उभी राहते.

असं व्हायला इतिहासही कारण आहे. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिनं ठराव केला की बधिर मुलांना तोंडी बोलण्यातूनच शिकवावं. त्या परिषदेत बधिर शिक्षक जवळजवळ नव्हतेच. पुढची शंभर वर्षं जगभरच्या शाळांवर त्या ठरावाची सावली राहिली. आपल्याकडेही पिढ्यान् पिढ्या मुलांना हात मागे बांधून, आरशासमोर बसवून ‘प’ आणि ‘ब’ घोटायला लावलं गेलं. मुलं खुणांची भाषा शिकली ती वसतिगृहात, मोठ्या मुलांकडून, दिवे मालवायच्या आधी. २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेत मिलानचे ठराव जाहीरपणे नाकारले गेले आणि त्यांनी झालेल्या नुकसानीबद्दल खेद व्यक्त झाला. पण जी मुलं त्या पद्धतीत वाढली, त्यांचे शिक्षक आणि पालक आजही आपल्यात आहेत. ‘खुणा करू नकोस, बोल’ हा सल्ला शिरूरच्या आठवडी बाजारात आजही ऐकू येईल. तो देणारा माणूस वाईट नसतो. मूल बोलावं ही त्याची तळमळ असते. तळमळ खरी असली तरी वाट चुकलेली असू शकते.

भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे. काळ आधी येतो, प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, आणि कोण कोणाला काय देतंय हे हाताच्या दिशेवरून कळतं. मराठीतले विभक्तिप्रत्यय, क्रियापदाची लिंगवचनं तिच्यात नाहीत. ज्या मुलीची पहिली भाषा ही आहे, ती कागदावर ‘काल मी दौंड कॉलेज गेली पेपर दिली’ असं लिहिते, तेव्हा तिच्या डोक्यात वाक्य अगदी नीट असतं. ती दुसऱ्या भाषेत लिहीत असते. तपासणाऱ्याला मात्र ते अशुद्ध मराठी दिसतं आणि तो मजकुराचेही गुण कापतो. भरीला आणखी एक गुंता आहे. दहावी-बारावीला या मुलांना भाषाविषयांत सवलत मिळते, ती योग्यच आहे. पण त्या सवलतीमुळे इंग्रजीचा हात शाळेतच सुटतो आणि पदवीला संदर्भग्रंथ समोर येतात ते इंग्रजीतले. बोटांनी एकेक अक्षर दाखवण्याची पद्धतही इंग्रजी वर्णमालेवर उभी आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला त्यामुळे दोन्हीकडून अडचण होते.

आता वर्गात जाऊ. प्राध्यापक आत येतात, हजेरी घेतात. क्रमांक पुकारला जातो, ‘यस सर’ म्हणायचं असतं. बधिर विद्यार्थी शेजाऱ्याच्या कोपराकडे लक्ष ठेवून असतो. शेजारी गैरहजर असला की याचीही गैरहजेरी लागते. सत्र संपताना हजेरी कमी भरते आणि ज्यानं एकही तास चुकवला नाही तो परीक्षेच्या अर्जासाठी विनंत्या करत फिरतो. तास सुरू होतो. डोक्यावर पंखे, बाहेर ट्रॅक्टर, वर्गात ऐंशी मुलं. कानातलं यंत्र प्राध्यापकांचा आवाज मोठा करतं आणि पंख्याचाही तितकाच करतं. ओठ वाचून समजून घ्यावं, तर ‘पाप’, ‘बाप’, ‘माप’ हे तीन शब्द ओठांवर सारखेच दिसतात. आरशात बघून कोणीही खात्री करून घ्यावी. ‘क’, ‘ग’, ‘ह’ घशाजवळ उमटतात, ते दिसतच नाहीत. म्हणजे अर्ध्याहून अधिक शब्द संदर्भावरून ओळखायचे. विषय नवा असेल तर संदर्भ कुठून आणायचा? इतक्यात प्राध्यापक फळ्याकडे वळतात आणि लिहिता लिहिता बोलत राहतात. तेवढा वेळ त्या विद्यार्थ्यासाठी तास थांबलेला असतो. ते वळून समोर बघतात तेव्हा त्यानं मान खाली घालून वहीत लिहायचं की ओठांकडे बघायचं? डोळे दोनच आहेत आणि कामं तीन.

तासाच्या मध्येच शिपाई सूचना घेऊन येतो. प्राध्यापक ती वाचून दाखवतात, मुलं हसतात किंवा कुरकुरतात, आणि याला कळतं ते तीन दिवसांनी: शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची मुदत काल संपली. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत तोंडी प्रश्न असतात. प्रयोग त्यानं बिनचूक केलेला असतो, पण बाहेरून आलेले परीक्षक मान न उचलता विचारतात, ‘हे द्रावण का बदललं?’ आणि तो गप्प राहतो. लेखी परीक्षेत २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. तीन तासांच्या पेपरला एक तास म्हणजे मोठा आधार. पण अडचण नुसत्या वेळेची नसते. ‘स्पष्ट करा’, ‘विवेचन करा’, ‘चिकित्सक परीक्षण करा’, या तीन सूचनांत नेमका फरक काय, हे त्याला कधी कोणी समजावलेलंच नसतं. ऐकणारी मुलं तो फरक वर्गातल्या बोलण्यातून नकळत उचलतात. त्याच्यापर्यंत ते बोलणंच आलेलं नसतं.

आणि महाविद्यालय म्हणजे काही फक्त तास नव्हे. कट्ट्यावरच्या गप्पा, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर, स्नेहसंमेलनाची तालीम, दौंडच्या फलाटावर गाडीची वाट बघत बसलेला घोळका, यातूनही माणूस शिकतो. फलाट बदलल्याची घोषणा होते, सगळे उठून पळतात, आणि बधिर विद्यार्थी लोकांच्या पायांवरून ओळखतो की काहीतरी बदललं. ही सतत अंदाज बांधण्याची मेहनत दिसत नाही, पण संध्याकाळी ती डोळ्यांवर आणि मानेवर उतरते. बधिर विद्यार्थी दुपारच्या तासाला पेंगला तर तो आळशी नाही. सकाळपासून त्यानं इतरांपेक्षा दुप्पट काम केलेलं असतं.

कायद्यानं आपलं काम बरंच पुढे नेलं आहे. १९९५ च्या कायद्यात शिक्षणसंस्थांतलं आरक्षण ३ टक्के होतं. २०१६ च्या कायद्यानं शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ते ५ टक्के केलं, वयाची पाच वर्षं सवलत दिली, आणि वाजवी सोयी पुरवणं हे कर्तव्य ठरवलं. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. त्याच्या कोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द आले. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं देशभर सांकेतिक भाषेचं प्रमाणीकरण करायचं ठरवलं. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. कागद चांगले आहेत. उणीव माणसांची आहे. पन्नास लाखांहून अधिक श्रवणदिव्यांगांची नोंद २०११ च्या जनगणनेत झालेल्या या देशात प्रशिक्षित दुभाषक काही शेकड्यांतच मोजावे लागतात, आणि त्यातले बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे दुभाषकांचं प्रशिक्षण होतं. तिथून शिकून निघालेला माणूस न्हावऱ्याच्या रस्त्यापर्यंत यावा, यासाठी इथे त्याला पगार देणारी जागा हवी.

दुभाषक असला म्हणजे काय घडतं, ते सप्टेंबर २०२३ मध्ये देशानं पाहिलं. सारा सनी ही बधिर वकील सर्वोच्च न्यायालयात दुभाषकाच्या मदतीनं उभी राहिली आणि न्यायपीठानं तिचं म्हणणं ऐकून घेतलं. तिरुअनंतपुरमच्या ‘निश’ संस्थेत बधिर विद्यार्थ्यांसाठी संगणकशास्त्र, वाणिज्य आणि ललित कला यांचे पदवी अभ्यासक्रम चालतात. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठाला पदव्या देण्याचा अधिकार १८६४ साली मिळाला, तरी पहिला बधिर अध्यक्ष मिळायला १९८८ साल उजाडलं, तेही विद्यार्थ्यांनी आठवडाभर विद्यापीठ बंद पाडल्यावर. या विद्यार्थ्यांची क्षमता केव्हाच सिद्ध झालेली आहे. ती शिरूर-दौंडच्या मुलांनी पुन्हा सिद्ध करून दाखवावी, मग आम्ही सोयींचं बघू, असं कोणी म्हणू नये.

मग तालुक्याच्या महाविद्यालयानं काय करावं? पुष्कळ काही, आणि त्यातलं बरंचसं उद्यापासून. फळ्यावर लिहून झाल्यावर वळावं आणि मग बोलावं. हजेरी कागद फिरवून घ्यावी. तासाचे मुद्दे आणि नव्या संज्ञा आदल्या दिवशी विद्यार्थ्याच्या मोबाइलवर पाठवाव्यात, म्हणजे ओठ वाचताना त्याच्या हाताशी संदर्भ असेल. वर्गातल्या दोन मुलांना नीट टिपणं काढून त्यांची प्रत देण्याची जबाबदारी द्यावी आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या तासांत ती धरावी. प्रत्येक सूचना फलकावर आणि व्हॉट्सॲप गटावर लेखी जावी. तोंडी परीक्षेचे प्रश्न लिहून द्यावेत आणि उत्तरं लिहून घ्यावीत. बोललेलं मराठीत टंकून दाखवणारी ॲप्स आता साध्या फोनवर चालतात; ती संज्ञांशी अडखळतात, पण ओठांच्या जोडीला उपयोगी पडतात. आणि दोन्ही तालुक्यांतल्या महाविद्यालयांनी मिळून एक दुभाषक नेमावा, आठवड्याचे दिवस वाटून घ्यावेत. एकट्या महाविद्यालयाला न झेपणारा खर्च चौघांत झेपतो. उसाच्या पाण्याच्या पाळ्या वाटून घेणाऱ्या गावांना हे शिकवायला नको.

शिरूर तालुक्यातच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम उभा केला आणि हातानं करत करत शिकलेलं पक्कं बसतं हे दाखवून दिलं. बधिर विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा धडा दुप्पट खरा आहे. आधी वस्तू दाखवा, आकृती काढा, प्रयोग करा. व्याख्या मागून येऊ द्या. असं शिकवलं तर ऐंशीतल्या उरलेल्या एकोणऐंशींनाही जास्त कळेल. कोणत्याही प्राध्यापकानं एक सत्र करून पाहावं.

आणि दोन-चार डझन खुणा शिकाव्यात. ‘समजलं का’, ‘पुन्हा सांगू’, ‘उद्या’, ‘परीक्षा’, ‘शाबास’. बधिर मुलं आपल्या शिक्षकाला एक नाव-खूण देतात: कोणाच्या मिशीवरून, कोणाच्या चष्म्यावरून, कोणाच्या हसण्यावरून. ज्या प्राध्यापकाला अशी खूण मिळाली, त्यानं ती मानाची समजावी. आपण त्या मुलांच्या बोलण्यात आलो, असा तिचा अर्थ आहे.

पुढची पानं प्राध्यापकांसाठी आहेत, कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांसाठी आहेत, आणि ‘हिला जमेल का’ म्हणून रात्र रात्र जागणाऱ्या आईवडिलांसाठीही आहेत. आईवडिलांना एवढंच सांगणं: घरात खुणांची भाषा येऊ द्या, स्वतः शिका, मूल लहान असेल तर आजच. त्यानं त्याचं बोलणं मागे पडत नाही. त्याला विचार करायला भाषा मिळते आणि तीच पुढे महाविद्यालयापर्यंत साथ देते. प्राध्यापकांना सांगणं असं: तुमच्या वर्गात यंदा बधिर विद्यार्थी असेल तर पहिल्याच आठवड्यात त्याला जवळ बोलवा आणि कागदावर विचारा, ‘मी कसं शिकवलं तर तुला कळेल?’ त्याला उत्तर माहीत असतं. आजवर त्याला हे कोणी विचारलेलं नसतं. तो लिहून देईल तेवढं करा, आणि सत्राअखेरीस त्याच कागदावर पुढचा प्रश्न विचारा: पोचलं का?